कामाच्या कपड्यांतला स्वतःचा फोटो

सांगलीहून बुधगावकडे निघाले की माधवनगर लागते. संस्थानी काळात वसलेली ही पेठ पुढे कॉटन मिलमुळे आणि यंत्रमागांमुळे कापडाचे गाव म्हणून ओळखली गेली. अशा गावातल्या घरांत भिंतीवर, कपाटात, अल्बममध्ये जे फोटो सापडतात ते साधारण ठरलेले असतात. लग्नातले, मुलगी दाखवण्यासाठी स्टुडिओत उभे राहून काढलेले, शाळेच्या वर्गाचे, जोतिबाला किंवा पंढरपूरला गेल्यावर काढलेले, बाळाच्या बारशाचे. घरातली म्हातारी गेली की तिचा एकटीचा फोटो शोधताना सगळ्यांची धांदल उडते. मग कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून घेतात, नाहीतर आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओवाल्याकडे नेतात. तो मागे निळा रंग भरतो, पदर नीट बसवतो आणि दहाव्याच्या आत फ्रेम हातात देतो. जिने उभे आयुष्य कांड्या भरण्यात घालवले, तिचा हात कांडीवर असलेला एकही फोटो त्या घरात नसतो. रोजच्या जगण्यावरून मुद्दाम रचलेल्या स्वप्रतिमा हा या लेखाचा विषय आहे, आणि ही उणीव हेच तो विषय मांडण्याचे कारण आहे. माझे म्हणणे असे की रोजच्या दिवसाचे चित्र करण्याचा पहिला हक्क तो दिवस जगणाऱ्याचा आहे, आणि ते चित्र नुसते टिपून मिळत नाही, ते रचावे लागते.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, दिवसाला डझनावारी फोटो निघतात, मग उणीव कसली, असे कुणीही विचारील. पण त्या फोटोंत काय असते ते नीट पाहावे. सेल्फी हाताच्या अंतरावरून निघते. फोन जेमतेम दोन फुटांवर असतो, भिंग रुंद कोनाचे असते, त्यामुळे नाक-कपाळ मोठे दिसते आणि चेहऱ्यानेच चौकट भरून जाते. मागे जे उरते ते ओळख पटण्यापुरते असते: गणपतीची आरास, नवी गाडी, महाबळेश्वरचा पॉइंट. एक हात फोन धरण्यात गुंतलेला असतो, म्हणजे दोन्ही हातांनी होणारे कोणतेही काम त्या फोटोत येऊच शकत नाही. भाकरी थापणे, गाठ मारणे, पोते शिवणे, मागावर बीम चढवणे ही सगळी दोन हातांची कामे. सेल्फीत काम दिसत नाही याचा दोष लोकांच्या हौशीवर टाकला जातो, पण अर्धा दोष त्या हातभर अंतराचा आहे. फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, दहा सेकंदांचा टायमर लावला आणि माणूस सहा-आठ फूट मागे सरला की चूल, ओटा, माग, दार, दोन्ही हात, पायातली चप्पल असे सगळे चौकटीत येते. एवढ्या अंतरावर गेल्यावर मात्र निर्णय घ्यावे लागतात. कुठे उभे राहायचे, काय ठेवायचे, काय काढून टाकायचे, कोणत्या क्षणी हात थांबवायचा. स्वप्रतिमेची कला या निर्णयांतून सुरू होते.

कष्टकरी माणसाचा फोटो काढला गेला नाही असे नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर, आणि त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे व्यवसायात उतरले. म्हणजे कॅमेरा आपल्या माणसांच्या हाती फार लवकर आला. तरी कोळी, भंडारी, पाथरवट, विणकर यांची चित्रे मात्र ‘नमुना’ म्हणूनच निघत राहिली. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड सरकारी आश्रयाने निघाले. त्यांत माणूस समोर उभा आहे आणि खाली त्याच्या जातीचे नाव, स्वभावाचे वर्णन, सरकारशी तो किती निष्ठावान याचा अंदाज असे दुसऱ्याने लिहिलेले आहे. त्याच सुमारास जयपूरचे महाराज सवाई रामसिंह स्वतःला शिवभक्ताच्या वेषात बसवून स्वतःचे फोटो काढत होते. पुढे चित्रकार अमृता शेरगिलचे वडील उमरावसिंग यांनी कित्येक दशके हेच केले. स्वतःकडे पाहण्याची फुरसत आणि साधने ज्यांच्याकडे होती त्यांनी स्वप्रतिमा काढल्या, बाकीच्यांच्या नशिबी नमुना होणे आले. नंतरच्या काळात ममतेने पाहणारे फोटोग्राफरही झाले. सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर केलेले काम डोळे उघडणारे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. तरीही कितीही ममतेने काढलेला फोटो बाहेरून आत पाहतो. गटारात उतरलेल्या माणसाला आपल्या दिवसातली कोणती घटका सांगण्याजोगी वाटते, ते तो स्वतः दाखवील तेव्हाच कळेल.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. रोजचे जगणे दाखवायचे तर ते जसे आहे तसे टिपावे. मांडणी केली, वेष घेतला, पुन्हा पुन्हा उभे राहिले की ते खोटे झाले. हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. ज्या जॉन्सनच्या चित्रांना पुरावा मानले गेले त्यांतली अनेक माणसे स्टुडिओत बसवून काढलेली आणि मग मुंबईच्या वेगळ्याच दृश्यावर जोडलेली आहेत. म्हणजे पुरावाही रचलेलाच होता, फक्त रचणारा दुसरा होता आणि रचल्याचे तो मिरवत नव्हता. उलट फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या दिवसांत, १८४० साली, पॅरिसमध्ये इपोलित बायार या माणसाने स्वतःला बुडून मेलेला दाखवून फोटो काढला. त्याने स्वतंत्रपणे फोटोची पद्धत शोधली होती. मान आणि पैसा मात्र सरकारने दागेर या दुसऱ्या शोधकाला दिला. ती तक्रार त्याने फोटोच्या मागे लिहिली. तो मेला नव्हता हे पाहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते, तरी त्याच्यावर काय गुदरले ते त्या बनावाइतके नेमके कशानेच सांगता आले नसते. त्या फोटोत त्याचे हात आणि चेहरा बाकी अंगापेक्षा काळे दिसतात. उन्हात रापलेली ती कातडी सगळ्या नाटकातून वर येते. सांगलीच्या बाजारात हळद हाताळणाऱ्यांची बोटे पिवळी पडतात. फोटोसाठी कोणताही वेष घेतला तरी ती पिवळीच राहतील. रचना केल्याने वस्तुस्थिती पुसली जात नाही. नजर कुठे जावी एवढेच रचना ठरवते.

आणि सांगलीच्या मुलखाला तरी हे नव्याने सांगायला नको. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून सोंगातून खरे बोलणे ही इथली ओळखीची रीत आहे. पुढे ‘मानापमान’मध्ये, १९११ साली, बालगंधर्व भामिनी झाले. त्यांचे स्त्रीवेषातले फोटो घराघरांत पोचले, आणि प्रतिष्ठित घरांतल्या बायका नऊवारी नेसण्याची, दागिने घालण्याची त्यांची तऱ्हा उचलू लागल्या. एका पुरुषाने रचलेली बाईची प्रतिमा बायकांच्या रोजच्या वागण्यात शिरली. यातून बनावाची ताकद दिसते आणि धोकाही दिसतो. दुसऱ्याने रचलेली प्रतिमा इतकी अंगवळणी पडते की ती आपलीच वाटू लागते. कलावंत पुष्पमाला एन. यांचे काम मला म्हणूनच मोलाचे वाटते. १९९० च्या दशकाअखेर मुंबईत त्यांनी ‘फँटम लेडी’ ही मालिका केली, तीत त्या स्वतःच नायिका आहेत. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी यांच्याबरोबर केलेल्या मालिकेत त्या रविवर्म्याच्या लक्ष्मीपासून मानववंशशास्त्रज्ञांनी चौकडीच्या पडद्यासमोर मोजमापासाठी उभ्या केलेल्या बाईपर्यंत सगळ्या ठरीव बायका झाल्या. स्वतःचे शरीर त्या साच्यांत घालून त्यांनी साचेच उघडे केले. एक मात्र खरे, की त्यांचे साचे चित्रांतून आणि सिनेमांतून आलेले आहेत. सकाळी सातच्या पाळीला निघणाऱ्या बाईचा साचा अजून कुणी तयारच केलेला नाही, आणि म्हणून तिला तो मोडण्याआधी घडवावा लागणार आहे.

रोजच्या जगण्याचा असा साचा घडवण्याचे सर्वांत जवळचे उदाहरण महाराष्ट्रातच, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारचे आहे. तिथे कोकणा आणि वारली समाजांत बोहाड्याचा उत्सव होतो. कागदाच्या लगद्याचे देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे घालून रात्री सोंगे निघतात. सुभाष आणि भगवान धर्मा कडू हे बंधू हे मुखवटे घडवणारे कलावंत. २०१५ पासून फोटोग्राफर गौरी गिल यांनी त्यांच्याबरोबर आणि गावातल्या इतरांबरोबर ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपीअरन्स’ ही मालिका केली. त्यासाठी देवांऐवजी आजच्या जगण्याचे मुखवटे घडवले गेले: माणसांचे वेगवेगळ्या वयांतले चेहरे, प्राणी, घरातल्या वस्तू. ते घालून गावकरी आपल्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या प्रसंगांत बसले, उभे राहिले. ही चित्रे पाहताना एक चमत्कार लक्षात येतो. चेहरा झाकला गेल्यामुळे नजर हातांकडे, पायांकडे, बसण्याच्या ढबीकडे जाते. साडीचा काठ, प्लास्टिकची खुर्ची, भिंतीवरचा रंग हे सगळे बोलू लागते. मुखवटा काल्पनिक असतो आणि त्यामुळेच त्याखालचे शरीर कमालीचे खरे वाटते. यावर कुणी म्हणेल, कॅमेरा गिल यांच्या हाती होता, मग ही स्वप्रतिमा कशी? शब्दशः पाहिले तर नाहीच, आणि हा फरक मी झाकू इच्छित नाही. पण कोणते सोंग घ्यायचे, मुखवटा कसा करायचा, प्रसंग कोणता, हे ठरवण्यात समोरच्यांचा वाटा आहे, आणि जॉन्सनच्या खंडांत तो अजिबात नव्हता. बटण कोण दाबतो यापेक्षा काय दिसावे हे कोण ठरवतो हा प्रश्न मोठा आहे. माधवनगरच्या एखाद्या मुलीने सगळे ठरवून धाकट्या भावाला बटण दाबायला सांगितले, तर ती तिचीच स्वप्रतिमा होईल.

रोजच्या दिवसात पाहण्यासारखे असते तरी काय, असे म्हणणाऱ्यांसाठी दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण पुरे आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ साली, त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा लावून त्याची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपली आणि ती छोटी फिल्म पाहूनच भांडवल देणाऱ्याचा त्यांच्यावर विश्वास बसला. देवाधर्माच्या चमत्कारांआधी त्यांनी घरातल्या कुंडीतला चमत्कार दाखवला होता, हे आपण फार लवकर विसरलो. रोजच्याचा कंटाळा हीसुद्धा दाखवण्याजोगी वस्तू आहे. तैवानमधून न्यूयॉर्कला गेलेल्या तेहचिंग शे या कलावंताने एप्रिल १९८० पासून वर्षभर, रात्रंदिवस, दर तासाला कामगाराच्या वेषात घड्याळाच्या यंत्रात कार्ड पंच केले आणि प्रत्येक वेळी स्वतःचा एक फोटो घेतला. सुरुवातीला डोके भादरले होते. वर्षअखेर केस खांद्यावर आले. भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या मिलच्या गावाला या कलाकृतीचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही.

फुरसतीचा आक्षेपही गंभीर आहे. बारा तासांची पाळी करणाऱ्याने फोटो रचायचे केव्हा? मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात सॅम्युएल फोसो याने १९७५ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, स्टुडिओ उघडला. दिवसभर गिऱ्हाइकांचे पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढायचे आणि रोल संपवण्यासाठी उरलेल्या फ्रेमांवर स्वतःचे, हा त्याचा क्रम. ते फोटो तो नायजेरियातल्या आजीला पाठवी, नातू खुशाल आहे हे तिला कळावे म्हणून. आज ती चित्रे जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. जपानमधल्या किमिको निशिमोतो यांनी कॅमेरा हातात घेतला तो बहात्तराव्या वर्षी. कपडे वाळत घालण्याच्या काठीवर आपणच लटकलो आहोत, कचऱ्याच्या पिशवीत आपणच बांधले गेलो आहोत, अशा त्यांच्या स्वप्रतिमा हसवतात. म्हाताऱ्या माणसाला घरातली अडगळ समजणाऱ्यांना त्या सुनावतातही. एकाने उरलेल्या फ्रेमा वापरल्या, दुसरीने उरलेली वर्षे. तरीही एवढे मान्य केले पाहिजे की काही घरांत तेवढीही उसंत नसते, आणि कलेच्या नावाने त्यांच्यावर आणखी एक काम लादण्याचा अधिकार कुणाला नाही.

आता मागाच्या शेडमध्ये जाऊ. साधा यंत्रमाग मिनिटाला एकशेवीस फेऱ्या मारतो असे धरले तर धोटा एका बाजूकडून दुसरीकडे जायला आणि पुढची फेरी सुरू व्हायला अर्धा सेकंद लागतो. फोटोत शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले तर धोट्याच्या एका फेरीएवढा काळ एका चित्रात मावतो. फणी हलून धूसर होते, ताण्याचे धागे थरथरतात, आणि मागासमोर अर्धा सेकंद श्वास रोखून उभा राहिलेला माणूस तेवढा स्पष्ट येतो. कामात असा तो कधीच स्थिर नसतो. त्याने ती स्थिरता फोटोपुरती मागून घेतलेली असते आणि त्यामुळे यंत्राचा वेग पहिल्यांदाच डोळ्यांना दिसतो. शटर फार जलद ठेवले तर चित्र वेगळेच बिघडते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होते आणि फोनच्या फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. शटर सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवले की ते जातात. असल्या गोष्टींना तांत्रिक म्हणून बाजूला सारू नये. प्रकाशाची आणि यंत्राची लय कामगाराच्या अंगात आधीच मुरलेली असते; बाहेरच्या फोटोग्राफरला ती शिकावी लागते. केसांवर बसलेला कापूस तिरप्या उजेडात कसा चमकतो, कोणत्या तासाला पत्र्याच्या फटीतून ऊन बीमवर पडते, हे तिथे राबणाऱ्यालाच ठाऊक. मात्र चालत्या पट्ट्याजवळ, सुट्या पदराने, फोटोसाठी कुणीही उभे राहू नये. पाळी बदलताना माग बंद असतो तेव्हाची मांडणीही तितकीच बोलकी होते.

हे सगळे आत्मप्रौढीचे लक्षण आहे, स्वतःचे इतके काय कौतुक, असे घरचे वडीलधारे म्हणतील. पण प्रौढी मिरवणारा माणूस चांगले कपडे घालतो, आणि इथे सांगणे आहे ते कामाचे कपडे घालून उभे राहण्याचे. बायकांच्या बाबतीत भीती वेगळी असते आणि ती खरी असते. फोटो कुणाच्या हाती जाईल, त्याचे काय केले जाईल, सासरी काय म्हणतील. धीट व्हा असे सांगून ही भीती झटकता येत नाही. स्वप्रतिमेत चेहरा असलाच पाहिजे असा नियम कुठेही नाही, हे मात्र सांगता येते. शिकागोत मुले सांभाळण्याची नोकरी करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी दुकानांच्या काचांत, आरशांत आणि रस्त्यावर पडलेल्या सावलीत स्वतःला आयुष्यभर टिपले आणि बहुतेक चित्रे कुणाला दाखवलीही नाहीत. पाठमोरी आकृती, पिठाने माखलेले हात, वाळत घातलेल्या साडीवरची सावली, स्टीलच्या डब्यात वाकडेतिकडे दिसणारे रूप यांतून बाई पुरती उभी राहते. फोटो दाखवायचा की नाही हा निर्णयही तिच्याच रचनेचा भाग आहे. आणि चौकटीत शेजारीण, सहकारी किंवा मालकाची शेड येत असेल तर त्यांची परवानगी घ्यावी. आपल्याला नमुना केले म्हणून तक्रार करणाऱ्याने दुसऱ्याला नमुना करू नये.

राहता राहिली फोटोची मागची बाजू, आणि त्यासाठी फोटो आधी टिकला पाहिजे. फोनमधला फोटो फोन बदलला की हरवतो, आणि अल्बममधला ओला झाला की पानाला चिकटून रंग सोडतो. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी कृष्णाकाठच्या किती घरांतले फोटो असे नेले ते सांगलीकरांना सांगायला नको. म्हणून निवडक फोटोंच्या प्रती कागदावर काढून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, माळ्यावर ठेवाव्यात. मागे लिहिताना ‘कामगार, माधवनगर’ एवढ्यावर थांबू नये, कारण तसे तर जुन्या सरकारी खंडांतही लिहिलेले असे. नाव, तारीख, पाळी, कोणता माग, कापड कोणते, मीटरला मजुरी काय, त्या दिवशी वीज किती वेळ गेली होती, हे लिहावे. बायारप्रमाणे तक्रार असेल तर तीही लिहावी. आणि चित्रात काय मुद्दाम मांडले होते, कुठे थांबून उभे राहिले, कुणाची साडी मागून आणली, बटण कुणी दाबले, हे स्वतःच्या अक्षरात नोंदवून ठेवावे.